नाय म्हणायची शिकवणी

काका माझ्याशी पहिलं वाक्य बोलले तेच धडधडीत चुकीचं होतं. मी कॉलेजसाठी रोह्याला मावशीकडे राहायला आले होते. बॅग अजून ओटीवरच होती, तेवढ्यात शेजारच्या अंगणातून लुंगीतला एक उंच माणूस कुंपणाशी आला आणि म्हणाला, "पेणची ना तू? म्हणजे तालुका अलिबाग."

पेण हा स्वतःच तालुका आहे, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. पण मी म्हणाले, "हो काका." एक तर माणूस बाबांच्या वयाचा, त्यात पहिलीच भेट. शिवाय स्टेशनवरून येतानाच मावशीने बजावलं होतं, "शेजारच्यांच्या नादाला लागू नको गो. माणूस चांगला हाय, पण तिरपागडा." काकांनी माझ्याकडे पाहिलं ते अगदी नारळ फोडल्यावर आत नासका निघावा तसं, आणि एक शब्द न बोलता घरात निघून गेले.

त्यांची खोड कळायला मला आठवडा लागला. काका मुद्दाम चुकीचं बोलायचे. चहाच्या टपरीवर उभं राहून सांगायचे की कुंडलिका नदी पुण्याकडे वाहते. भाजीवालीच्या टोपलीतल्या वालाच्या शेंगा हातात घेऊन म्हणायचे, "तुरीच्या शेंगा यंदा लवकर आल्या." स्टेशनवर दिवा जंक्शनला जाणाऱ्या गाडीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसाला सांगायचे की आज गाडी उलट दिशेने जाणार आहे. आणि मग समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. बहुतेक लोक "अच्छा, अच्छा" म्हणून सटकायचे. कोणी तरी वैतागून "ओ, काय पण काय सांगताय, या तुरीच्या हायत व्हय?" असं म्हणालं, की काकांचा चेहरा उजळायचा. त्या माणसाला चहा मिळायचा. भाजीवालीकडून तर ते कायम भाजी घ्यायचे, भाव न करता, कारण ती त्यांना रोज वेड्यात काढायची.

त्यांच्या ओटीवर एक वेताची खुर्ची होती आणि एक डुगडुगणारं स्टूल. जो त्यांच्या बोलण्याला नाय म्हणेल त्याला खुर्ची, जो मान हलवेल त्याला स्टूल. हा नियम त्यांनी कधी कुणाला सांगितला नव्हता, पण सगळ्या आळीला माहीत होता. काकू म्हणायच्या, "मी लग्न झाल्यापासून खुर्चीतच हाय."

मी कॉलेजची सगळी वर्षं स्टुलावर काढली.

मला त्यांचा राग यायचा, हे आधी सांगून टाकते. व्यक्तिचित्र लिहिताना माणूस गेल्या जन्मीचा गुरू असल्यासारखं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते जमणार नाही. परीक्षेच्या दिवसांत मी ओटीवर वाचत बसले की हा माणूस कुंपणापलीकडून पुस्तकातलं काहीतरी चुकीचं मोठ्याने सांगायचा. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पुढे लावलेलं असायचं. पाहुणा त्याकडे बघून "अरे बापरे, निघतो" म्हणत उठला, की काका त्याला फाटकापर्यंत जाऊ द्यायचे आणि मग म्हणायचे, "तुझ्या हातात पण घड्याळ हाय ना रे?" एका लग्नात त्यांनी भटजींना सांगितलं की मुहूर्त टळला. भटजी घाबरून "हो का?" म्हणाले. काका भडकले. "तुम्ही पंचांग बघून आलात, मी जेवायला आलोय. माझं का ऐकता?" त्यानंतर त्यांना लग्नाची बोलावणी कमी झाली.

"हो म्हणायला अक्कल लागत नाय, मान लागते," असं ते म्हणायचे. मान हलवणारी माणसं त्यांना अजिबात खपायची नाहीत. मी हो म्हणताना नकळत दोनदा मान हलवते हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी मला नंदीबैल म्हटलं. मी घरी येऊन मावशीकडे रडले. मावशी म्हणाली, "अगो, मग नाय म्हण ना त्यांना." आणि मग स्वतःच म्हणाली, "पण मोठ्या माणसाला असं कसं म्हणायचं?"

तोच तर घोळ होता. आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. आजोबा मिठागरावर कामाला होते. मालक आला की आजोबा फावडं बाजूला ठेवून उभे राहायचे आणि तो म्हणेल त्याला "व्हय शेठ" म्हणायचे, हे बाबांनी लहानपणी बघितलेलं. बाबा तसे तापट, पण वडखळच्या नाक्यावर टेम्पो लावायला लागल्यापासून त्यांचंही "व्हय साहेब"च चालतं. घरात बाबांनी एक सांगितलं की आम्ही भावंडं तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचो. उलट बोलणारी मुलगी म्हणजे वाया गेलेली मुलगी. मी हे सगळं घेऊनच वाढले, आणि मला ते सुसंस्कृतपणा वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

पदवी झाल्यावर मी पेणला परत आले आणि डोलवीच्या स्टील प्लांटमध्ये एका कंत्राटदाराकडे लागले. हजेरीचे आणि मालाचे आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे, शिफ्ट संपली की घरी. काम वाईट नव्हतं. पण आकडे चढवता चढवता मला ते वाचायची सवय लागली. अमुक शिफ्टला माल जास्त का वाया जातो, तमुक महिन्यात गाड्या ताटकळत का उभ्या राहतात. विचारलं तर वरचे म्हणायचे, "तुम्ही फक्त एंट्री करा, मॅडम." मी मान हलवायची, अर्थातच.

अशात कॉलेजातल्या एका मैत्रिणीने कळवलं की मुंबईतली एक कन्सल्टिंग कंपनी नवे ॲनालिस्ट घेते आहे, अनुभव नसला तरी चालतो. मी अर्ज केला. ऑनलाइन परीक्षा झाली. त्यात तक्ते, आलेख, तर्काची गणितं होती, ती मला जमली. मग एचआरच्या मुलीचा फोन आला. स्वतःबद्दल सांगा, हेच क्षेत्र का, दबावाखाली काम केल्याचा एखादा प्रसंग सांगा. तेही पार पडलं. शेवटची फेरी समोरासमोर, मुंबईत, तीन आठवड्यांनी. त्यात केस इंटरव्ह्यू होता. म्हणजे एका धंद्याची अडचण सांगतात आणि तुम्ही त्यांच्यासमोर मोठ्याने विचार करत ती सोडवायची. इकडे डोलवीचं कंत्राट संपत आलं होतं, पुढे चालू राहील की नाही कोणी सांगत नव्हतं. दुसरा कुठलाच कॉल नव्हता. ही संधी गेली असती तर मी पुन्हा कुठल्यातरी कंत्राटदाराच्या ऑफिसात एंट्री करत बसले असते, कदाचित कायमची.

मी मोबाइलवर व्हिडिओ बघून तयारी करत होते. नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च, उत्पन्नाचे दोन भाग, खर्चाचे दोन भाग, सगळं पाठ. पण एका व्हिडिओत एक बाई म्हणाली, "मुलाखत घेणारा तुम्हाला मुद्दाम अडवेल. चुकीच्या दिशेला नेऊन बघेल. तुम्ही नम्रपणे त्याला विरोध करू शकता का, हेच तर त्याला पाहायचं असतं." मी व्हिडिओ थांबवला. सगळ्या जगात हा धंदा करणारा एकच माणूस माझ्या ओळखीचा होता.

रविवारी पेणहून गाडी पकडून रोह्याला गेले. काका ओटीवर होते. मी सगळं समजावून सांगितलं.

"कन्सल्टिंग म्हणजे करायचं काय पण?"

"दुसऱ्याच्या कंपनीत जाऊन तिचं काय चुकतंय ते शोधायचं, आणि मालकाला सांगायचं."

"आणि मालक त्याचे पैसे देतो?"

"भरपूर देतो."

काकांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "ऐकलंस का गो? मी इतकी वर्षं फुकट करतोय."

"फुकट कुठे?" काकू आतून म्हणाल्या. "लोकांनी दारात यायचं सोडलं."

शिकवणी सुरू झाली. काका नोकरीतला जुना पांढरा शर्ट घालून बसायचे, वर टायसुद्धा, आणि खाली लुंगी. "टेबलाखाली कोण बघतंय?" असं त्यांचं म्हणणं. कन्सल्टिंगमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. केस ते आजूबाजूच्याच द्यायचे. स्टेशनजवळच्या वडापावच्या गाडीचा धंदा का बसला. रोह्यापासून पेणपर्यंत एका दिवसात किती चहा प्यायला जातो. या दुसऱ्या प्रकाराला गेसटिमेट म्हणतात, उत्तर कोणालाच माहीत नसतं, फक्त तुम्ही पायऱ्या कशा घालता ते बघतात. मी सुरुवात करायची. आधी लोकसंख्या धरू, मग मुलं वगळू, मग घरचा चहा वेगळा, टपरीचा वेगळा, कंपनीतल्या शिफ्टचा वेगळा. मला लय सापडली की काका मध्येच शांतपणे म्हणायचे, "कंपन्यांत चहा देत नायत."

आणि मी म्हणायची, "ओके, मग तो काढून टाकूया."

"का काढलास?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"तू स्वतः डोलवीला दोन वेळ चहा पितेस ना गो? मग माझं का ऐकलंस?"

दर वेळी हेच. मला चूक दिसायची, अगदी स्वच्छ दिसायची, घशापर्यंत शब्द यायचा आणि मान आपोआप हलायची. एकदा मी इतकी वैतागले की त्यांच्या प्रत्येक वाक्याला नाय म्हणायचं ठरवून गेले. काका म्हणाले, "बस." मी म्हणाले, "नाय." काका म्हणाले, "आज ऊन फार हाय." खरंच कडक ऊन होतं. मी म्हणाले, "नाय." काका पोट धरून हसले. मग एकदम गंभीर झाले. "नंदीबैल उलटा फिरवला तरी नंदीबैलच. नाय म्हणणं म्हणजे उलटं बोलणं नव्हे पोरी. तुला जे दिसतंय ते समोरच्याला दाखवणं. त्याने तुला दुसरं काही दाखवलं, तर मुकाट हो म्हणायचं. त्यात पण लाज नाय."

हे मात्र माझ्या डोक्यात नीट बसलं. आता कधी कधी मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, नव्या मुलांच्या मुलाखतींना. पाठ केलेलं घडाघडा म्हणणारी मुलं येतात. सगळ्यालाच विरोध करणारी हुशार मुलं येतात. आणि आमच्या भागातून, किंवा आमच्यासारख्याच कुठल्या भागातून आलेलं एखादं पोर येतं, ज्याला चूक दिसलेली असते आणि ते बोलत नसतं. त्याच्याकडे बघवत नाही मला. मी जरा थांबते, त्याला वेळ देते. बाकी मी काय करू शकते?

काकांच्या चुकीच्या बोलण्यात एक वाक्य मात्र वेगळं असायचं. ते कधीही यायचं, गप्पांच्या मध्येच, वडापाववरून किंवा हवामानावरून बोलता बोलता. "त्या दिवशी चूक माझी होती." बस, एवढंच. ओटीवरचा जो कोण असेल तो लगेच म्हणायचा, "नाय हो काका, तुमची कसली चूक?" आणि गंमत अशी, की या नायला खुर्ची मिळायची नाही. काका नुसते मान खाली घालून बसायचे. मी हे बघितलं होतं, पण विचारायचं धाडस झालं नव्हतं.

तो दिवस कुठला ते मला काकूंनी सांगितलं, शिकवणीच्या दुसऱ्या रविवारी, स्वयंपाकघरात तांदूळ निवडताना. काका धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होते. एकदा दुपारी वरच्या साहेबांचा फोन आला की पाइपची लाइन रिकामी झाली आहे, पंप खोलायला घ्या. काकांनी फिटरला सांगितलं, खोल. लाइन रिकामी नव्हती. आतलं गरम कॉस्टिक, कातडी जाळणारं रसायन, उडालं आणि फिटरचा एक डोळा गेला. निडी गावचा होता तो, काकांच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलेला. चौकशी झाली. फिटरने गॉगल घातला नव्हता, एवढंच निघालं. काकांनी नंतर लवकरच नोकरी सोडली.

"सगळे म्हणाले यांची काय चूक नाय," काकू म्हणाल्या. "वरून हुकूम आला, यांनी पुढे सांगितला. तो फिटर पण दर वर्षी वालाच्या शेंगा घेऊन येतो बिचारा. तो पण हेच म्हणतो. पण यांच्या डोक्यातून जातच नाय."

मुलाखतीचा दिवस आला. कुठला ड्रेस घालायचा यावरून आदल्या दिवशी घरात वाद झाला. बाबा म्हणत होते साडी, मी म्हणाले, "नाय बाबा, साडीत मला सुचायचं नाय, माझं लक्ष पदराकडे राहील."  आई म्हणाली, "उलट बोलायला कुठे शिकलीस गो?" पण तिने ड्रेसला इस्त्री करून ठेवली.

त्या शेवटच्या फेरीत दोन मुलाखती होत्या. पहिली एका तरुण मुलीने घेतली. ती प्रेमळ होती. तिने डोलवीच्या कामाबद्दल विचारलं. मी वाया जाणाऱ्या मालाबद्दल सांगितलं, तर तिने बारीक बारीक प्रश्न विचारले, आणि मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या कामात काहीतरी सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या मुलाखतीला एक सर होते. पिकलेले केस, चष्मा कपाळावर, बाबांपेक्षा थोडे मोठे. त्यांनी केस दिली. छोट्या शहरांत फरसाणाची दुकानं चालवणारी एक कंपनी, विक्री वाढतेय, नफा घटतोय.

मी प्रश्न विचारले. कधीपासून? सगळ्याच दुकानांत की काहींत? कुठला माल? ते मागितलं तेवढंच सांगत होते, एक शब्द जास्त नाही. हळूहळू चित्र दिसायला लागलं. नव्या दुकानांत माल उरत होता आणि परत येत होता. पण दुकानाला वर्ष झालं की ते सावरत होतं. सर खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "म्हणजे नवी दुकानं हेच दुखणं आहे. सगळी बंद करून टाकू. बरोबर?"

माझी मान हो म्हणायला निघाली होती. मला ती जाणवली, अगदी आजोबांची मान. सगळी मुलाखत इंग्रजीत चालली होती आणि माझ्या तोंडून गेलं, "नाय."

सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मी इंग्रजीत माफी मागितली आणि म्हणाले की मला तसं वाटत नाही, कारण तुम्हीच मघाशी सांगितलंत की वर्षानंतर दुकान सावरतं. ते म्हणाले, "मी असे बरेच धंदे पाहिलेत. अशी दुकानं बुडतातच." आवाजात जरा धार होती.  मी म्हणाले, "असेल सर, पण इथल्या आकड्यांत मला ते दिसत नाही. तुमच्याकडे दुसरे आकडे असतील तर द्या, मी मत बदलीन." त्यांनी दिले. दोन शहरांतल्या दुकानांना वर्ष उलटून गेलं तरी गिऱ्हाईक नव्हतं. मी बघितलं आणि म्हणाले, "मग ही दोन बंद करा. तुमचं बरोबर आहे. बाकीची नको."

शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का. हा प्रश्न सगळीकडेच विचारतात, त्याची तयारी करून जायची असते, मीही प्रशिक्षणाबद्दल काहीतरी छान पाठ केलं होतं. पण मी विचारलं, "तुमच्याकडे नव्या माणसाला साहेबाची चूक दिसली, तर तो कुणाला सांगतो?" सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "सांगायला हवं. दर वेळी सांगितलं जातं असं मी म्हणणार नाही." मला ते उत्तर आवडलं. पुढच्या आठवड्यात नोकरी मिळाल्याचा फोन आला आणि मी आईच्या गळ्यात पडून रडले.

रविवारी पेढे घेऊन रोह्याला गेले. काकांनी पेढा घेतला, अभिनंदन वगैरे काही नाही. मुलाखत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला लावली. नायचा भाग दोनदा. मग म्हणाले, "एक शेवटची केस देऊ?"

"द्या ना."

"एक कंपनी हाय. एक शिफ्ट इन्चार्ज हाय. वरून फोन येतो, लाइन रिकामी हाय, पंप खोला. खोलतात. एका माणसाचा डोळा जातो. चूक कुणाची?"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, नको म्हणून. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण मग मी विचारलं, जसं तिथे विचारलं होतं.

"साहेबांनी लाइन स्वतः बघितली होती का?"

"नाय. ते वर होते."

"इन्चार्ज कुठे होता?"

"खाली. लाइनपाशी."

"त्याने काय बघितलं होतं?"

 "लाइन रिकामी करायचा, ड्रेनचा व्हॉल्व्ह बंद होता. मघाशीच बघितला होता. उघडलाच नव्हता कोणी."

"मग फोनवर तो काय म्हणाला?"

"हो साहेब."

एकाही प्रश्नाला त्यांनी चुकीचं उत्तर दिलं नाही. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा बघत होते. मला भरून आलं होतं. या माणसाने मला नोकरी मिळवून दिली होती, आणि एक गोड शब्द बोलून मला त्याचं मन राखता आलं असतं. सगळ्या आळीने राखलं होतं.

"साहेबांची चूक होती," मी म्हणाले. "पण त्यांना माहीत नव्हतं, काका. तुम्हाला माहीत होतं. तुमची चूक होती, व्हय."

"काय बोलतेस गो?" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला. "खाल्ल्या मिठाला तरी जाग."

"तिला बोलू नको," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा सैल झाला होता, बराच वेळ काहीतरी उचलून धरलेलं खाली ठेवल्यासारखा. "मी सगळ्यांना हेच सांगत आलो. एक माणूस हो म्हणाला नाय. बरं, शिफारस? तुमच्याकडे शेवटी काय करायचं त्याची शिफारस करतात ना?"

"निडीला जा. आणि त्या फिटरना सांगा. विचारू नका, सांगा."

मला पेणला परत जायचं होतंच. संध्याकाळच्या गाडीला काका माझ्याबरोबर चढले, शिकवणीचा तोच पांढरा शर्ट, टाय नाही, आणि खाली या वेळी पँट. निडीला दोघं उतरलो. मला तिथे थांबायची गरज नव्हती, पण त्यांना एकटं सोडवेना. फिटरचं घर स्टेशनपासून जवळच होतं. तो अंगणात वालाच्या वेलांना पाणी घालत होता. डोळ्यांवर काळा चष्मा. काकांना बघून त्याने घाईने हात पुसले.

"साहेब, तुम्ही? बसा, बसा. चहा टाकायला सांगतो."

"आधी ऐक. त्या दिवशी व्हॉल्व्ह बंद होता ते मी बघितलं होतं. मला माहीत होतं. तरी तुला खोल म्हणालो. चूक माझी होती."

"नाय साहेब, तुमची कसली..."

"नाय म्हणू नको," काका म्हणाले. "मी विचारत नाय. सांगतोय."

 फिटरने पाण्याची बादली बाजूला सरकवली. माझ्याकडे एकदा बघितलं, मग वेलाकडे.  तो हळू आवाजात, जमिनीकडे बघत बोलला.

"पाइप गरम व्हता, साहेब. हातमोज्यातून लागत व्हता. मला वाटलं व्हतं, सांगावं तुमाला. पन तुम्ही बोललात ना, खोल."

"व्हय," काका म्हणाले. "मी बोललो."